कॅप्सूल ओढूनही दम का उतरत नाही?

दारव्हा तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलं आहे: सासूबाई साठीच्या आहेत, बरीच वर्षं दम लागतो. डॉक्टरांनी पावडरची मशीन आणि दम लागला की ओढायच्या कॅप्सूल दिल्या आहेत. रात्री धाप लागली की त्या एकामागून एक तीन-चार कॅप्सूल ओढतात, तरी उतरत नाही आणि शेवटी गावातून सुई घ्यावी लागते. शेजारच्या काकांना मात्र तशाच मशीनने पाच-दहा मिनिटांत आराम पडतो. मग कॅप्सूल डुप्लिकेट असतील का? मशीन सोडून पंप घ्यावा का?

ताई, औषध डुप्लिकेट असण्याची शक्यता मी सगळ्यात शेवटी धरेन. यवतमाळ-वर्धा पट्ट्यात छातीच्या रुग्णांची ओपीडी चालवताना ही तक्रार माझ्यासमोर सतत येते. बहुतेक वेळा औषध खरंच असतं, मशीनही धड असते, पण पावडर फुप्फुसापर्यंत गेलेलीच नसते. ती का जात नाही हे आधी समजून घ्या, मग पंपाचं बोलू.

पंपात औषध दाबाखाली भरलेलं असतं. बटण दाबलं की ते स्वतःच्या जोरावर बाहेर पडतं. पावडरच्या मशीनमध्ये असा कुठलाही जोर नसतो. कॅप्सूल फुटते किंवा तिला भोक पडतं आणि आतली पावडर नुसती पडून राहते. तिला उचलून आत नेणारा एकच, रुग्णाचा स्वतःचा श्वास. आराम देणाऱ्या साल्ब्युटामॉलच्या कॅप्सूलमध्ये औषध असतं फक्त 200 मायक्रोग्रॅम, बाकी सगळी दुधाची साखर, म्हणजे लॅक्टोज. औषधाचे बारीक कण या साखरेच्या जाड कणांना चिकटलेले असतात. श्वास जोरात ओढला तरच ते सुटे होतात. एक ते पाच मायक्रॉनचे सुटे कण खोल श्वासनलिकांपर्यंत जातात. न सुटलेले कण जिभेवर आणि घशाच्या मागच्या भिंतीवर आपटून तिथेच बसतात. आपल्याकडे जी साधी, दोन भाग फिरवून कॅप्सूल उघडणारी मशीन सर्रास मिळते, तिला मिनिटाला साधारण 60 लिटरच्या वेगाचा श्वास लागतो. निवांत श्वासात तो वेग मिळत नाही, मुद्दाम जोर लावावा लागतो.

आता अडचण बघा. हे औषध लागतं कधी, तर धाप लागल्यावर. आणि धाप लागलेल्या माणसाकडे नेमका तोच जोर नसतो. सासूबाई साठीच्या, अंगाने बहुधा बारीक, रात्री दोनला उठून बसलेल्या. तोपर्यंत त्यांचा श्वास इतका तोकडा झालेला असतो की चार कॅप्सूल ओढल्या तरी चारही तोंडातच राहतात. शेजारचे काका पहिल्या घरघरीलाच मशीन काढत असतील, शिवाय त्यांच्या छातीत अजून जोर असेल. म्हणून तीच मशीन एकाला चालते, दुसऱ्याला चालत नाही.

ओपीडीत मी कुणालाही "मशीन नीट घेता ना?" असं विचारत नाही. उत्तर कायम "हो जी" असंच येतं. मी म्हणतो, काढा मशीन आणि माझ्यासमोर घेऊन दाखवा. मग खरं काय ते दिसतं. एका आजीबाईंनी पिशवीतून रुमालाची गाठ सोडली. त्यात चिल्लर, सुपारीचा तुकडा, बसचं तिकीट आणि त्यातच मशीन, झाकणाशिवाय. कॅप्सूल घातली, मशीन फिरवली, तोंडाशी नेली आणि ओढायच्या आधी मशीनमध्येच एक मोठी फुंकर मारली. अर्धी पावडर लुगड्यावर उडाली, उरलेली तोंडाच्या वाफेने ओली झाली. मग चहाचा घोट घ्यावा तशा हळूच ओढल्या आणि म्हणाल्या, "गोड लागलं जी, गेलं आत." गोड लागलं ते दुधाची साखर जिभेवर बसली म्हणून. नीट ओढली तरी थोडी गोडी लागतेच, तेव्हा गोडीवरून काहीच ठरत नाही. मशीन उघडून काळ्या कापडावर झटकली तर पांढरी पावडर भुरभुर पडली. घरी तुम्हीही ही परीक्षा करू शकता. सासूबाईंनी कॅप्सूल ओढली की मशीन उघडून गडद रंगाच्या कापडावर उलटी करा. थोडी धूळ राहणारच, पण ढीग पडला तर औषध मशीनमध्येच राहिलं असं समजा.

रुमालातल्या त्या सुपारीच्या तुकड्याचं हसू येईल, पण ओढताना तसा तुकडा किंवा बारीक नाणं श्वासनलिकेत गेलं तर दुर्बिणीनेच काढावं लागतं. मशीनला झाकण किंवा डबी हवीच.

बिडी ओढणाऱ्या माणसांची चूक वेगळीच असते. त्यांना वाटतं, ओढणं आपल्याला कुणी शिकवायचं! पण बिडीचा झुरका आधी गालात भरला जातो आणि मग आत जातो. मशीन त्या सवयीने ओढली की पावडर गालातच राहते. पोरं उलट करतात, शिट्टीसारखी फुंकतात. आणि दर काही महिन्यांनी एक तरी रुग्ण असा भेटतो जो कॅप्सूल पाण्यासोबत गिळतो. कॅप्सूल म्हटल्यावर गिळायचीच, यात त्याचं काय चुकलं? दुकानदाराने बाटली दिली आणि मशीन "नंतर घेऊन जा" म्हटलं की हेच होणार. हे फक्त आपल्या खेड्यात होतं असंही नाही. ओढायच्या कॅप्सूल लोक गिळतात म्हणून 2008 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनालाही जाहीर सूचना काढावी लागली होती.

नीट घेण्याची रीत सांगतो. ही फिरवायच्या मशीनची आहे. सासूबाईंना बसवा किंवा उभं करा, झोपून घेऊ देऊ नका. मशीन उभी धरा. कॅप्सूलचं पारदर्शक टोक आधी चौकोनी भोकात घाला आणि वरचं टोक भोकाच्या काठाशी समतल होईपर्यंत दाबा. इथे घाई झाली तर कॅप्सूल पुरती उघडतच नाही, हे मी फार वेळा पाहतो. मग मशीनचा खालचा भाग फिरेल तितका पूर्ण फिरवा. त्यानंतर तोंड बाजूला करून, मशीनपासून दूर, श्वास पूर्ण सोडायचा. ही पायरी जवळजवळ सगळेच गाळतात. छाती आधीच भरलेली असेल तर ओढायला जागा कुठून येणार? मशीनचं तोंड दातांत धरा, ओठ घट्ट मिटा, मान किंचित मागे. आणि मग पहिल्या क्षणापासून जोरात, लांब, खोल ओढायचं. मी बायांना सांगतो, फुंकणीने चूल फुंकता ना, तेवढाच जोर, फक्त उलटा, आत. ही खूण त्यांना लगेच पटते. मशीन बाहेर काढून दहा सेकंद, नाहीतर जमेल तेवढा वेळ श्वास रोखायचा. पावडर उरली असेल तर त्याच कॅप्सूलला पुन्हा एकदा तसंच ओढायचं. दुसऱ्या प्रकारच्या मशीनमध्ये कॅप्सूल आडवी ठेवून झाकण दाबलं की सुई भोक पाडते. तिची भरण्याची पद्धत वेगळी, ओढण्याची हीच.

ही रीत धाप लागल्यावर शिकवायची नसते. दुपारी, बरं असताना, तुम्ही समोर बसून शिकवा. रिकामी मशीन ओढूनही सराव होतो. उपकेंद्रातल्या सिस्टरना किंवा आशाताईंनाही बघायला सांगा. बघणारं माणूस बदललं की न दिसलेली चूक दिसते.

आता वेळेबद्दल. आपल्याकडची माणसं दम सोसतात. "जराशी घरघर होय, थांबते थोड्या वेळानं," असं म्हणत संध्याकाळ काढतात. मुलाला उठवायला नको, कॅप्सूल संपायला नको, म्हणून रात्री दहाची कॅप्सूल दोनला घेतात. पावडरच्या मशीनच्या बाबतीत हे सोसणं फार महाग पडतं. छाती आवळल्यासारखी वाटली, खोकल्याची ढास सुरू झाली, शिट्टी वाजायला लागली की त्याच वेळी घ्यायची, कारण जोर तेव्हाच असतो. साल्ब्युटामॉल पाचेक मिनिटांत काम सुरू करतं आणि असर साधारण चार ते सहा तास टिकतो. हात थोडे कापतील, छातीत धडधडेल. त्याला घाबरून बंद करू नका, तासाभरात ओसरतं. हृदयरोग असेल तर मात्र डॉक्टरांना आधीच सांगून ठेवा.

पंपाबद्दल आता माझं स्पष्ट मत. फक्त आणीबाणीसाठी पाहिलं तर सासूबाईंसारख्या रुग्णाच्या घरात पावडरची मशीन एकटी नको, पंप आणि स्पेसर हवाच. स्पेसर म्हणजे पंप आणि तोंड यांच्यामधला प्लास्टिकचा डबा. पंपाचा फवारा त्यात थांबतो आणि रुग्ण साध्या श्वासाने हळूहळू तो घेऊ शकतो. जोर लागत नाही, हात आणि श्वास यांचा मेळ साधायची कसरत लागत नाही. नुसता पंप थेट तोंडात मारणं हे मशीनपेक्षाही अवघड आहे. बरेच जण फवारा आधी मारतात आणि श्वास नंतर घेतात. पावडरच्या मशीनला ही अडचण येत नाही, कारण पावडर श्वासासोबतच आत जाते. ज्याला जोर आहे, जो वेळेवर घेतो, त्याला पावडर उत्तम. खिशात मावते, स्वस्त पडते, कॅप्सूल मोजता येतात. पण बिकट रात्री पंप-स्पेसर.

"पंप म्हणजे शेवटची पायरी" ही समजूत डोक्यातून काढा. 200 ची एक कॅप्सूल म्हणजे 100 च्या पंपाचे दोन फवारे. औषध तेच, मात्रा तीच.

स्पेसर तालुक्याला मिळाला नाही तर? 500 मिलीच्या प्लास्टिकच्या बाटलीचा स्पेसर लहान मुलांच्या दम्यात विकतच्या स्पेसरइतकाच कामी येतो, हे दक्षिण आफ्रिकेतल्या डॉक्टरांनी 1999 मध्ये दाखवून दिलं. बाटलीच्या बुडाला पंपाचं तोंड घट्ट बसेल एवढं भोक पाडायचं, कडा टेपने बंद करायच्या आणि बाटलीचं तोंड ओठांत धरायचं. आधी साबणाच्या पाण्यात बुडवून, न पुसता, हवेवर वाळवा. न धुतलेल्या प्लास्टिकला औषध चिकटतं, साबणाने ते कमी होतं. हो, आणि स्पेसर पंपालाच लावतात. पावडरच्या मशीनला बाटली जोडून ओढणारेही मी पाहिले आहेत, त्याने काहीही आत जात नाही.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, पण ती मी आधी विचारेन. घरात कॅप्सूलच्या बाटल्या किती आहेत, आणि रात्री सासूबाई कुठली घेतात? बहुतेकांकडे दोन असतात, एक दम लागल्यावरची आणि एक रोज सकाळ-संध्याकाळची. दोन्ही एकाच मशीनमध्ये जातात, दोन्ही बाटल्या सारख्याच दिसतात आणि रात्री लाइट गेलेली असते. साल्ब्युटामॉल किंवा लेव्होसाल्ब्युटामॉल ही झटपट आराम देणारी. फॉर्मोटेरॉल-बुडेसोनाइड रोजचं, पण ते लवकरही लागू पडतं, म्हणून काही दमेकऱ्यांना डॉक्टर तेच एक औषध दोन्ही कामांना देतात. पण सॅल्मेटेरॉल-फ्लुटिकासोन किंवा टायोट्रोपियमची कॅप्सूल अटॅकमध्ये कितीही ओढली तरी त्या क्षणी उपयोग नाही, ती सावकाश लागणारी औषधं आहेत. सासूबाई चुकून हीच तीन-चार ओढत असतील तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच मिळालं. दम लागल्यावरच्या बाटलीला लाल दोरा बांधा. वाचता येवो न येवो, अंधारात बोटाला दोरा कळतो.

आपल्याकडच्या हवेचंही थोडं सांगतो, कारण बाटलीवरची सूचना लिहिणाऱ्याने आपला मे महिना पाहिलेला नसतो. टिनाच्या छपराखाली उन्हाळ्यात कॅप्सूलचं कवच वाळून ठिसूळ होतं आणि उघडताना त्याचे तुकडे होतात. पावसाळ्यात उलट, कवच मऊ पडतं, नीट उघडत नाही आणि पावडरचे गोळे होतात. कॅप्सूल बाटलीतच ठेवा, आतली ओल शोषणारी छोटी पुडी फेकू नका. आठवडाभराच्या कॅप्सूल पदराच्या गाठीत बांधून वावरात न्यायची सवय मोडा. फ्रीजमध्येही नको, बाहेर काढल्यावर पाणी सुटतं. चुलीपासून दूर, भिंतीतल्या कोनाड्यात, झाकण घट्ट लावून ठेवा. मशीन आठवड्यातून एकदा-दोनदा साध्या पाण्याने धुवायची, पण पूर्ण वाळल्याशिवाय कॅप्सूल घालायची नाही. ओल्या मशीनमध्ये पावडरचा चिखल होतो. साधारण सहा महिन्यांनी मशीन बदला.

कूलरचं वेगळं सांगायला हवं. वर्षभर पडून राहिलेला वाळा किंवा गवताचा ताटा एप्रिलमध्ये तसाच ओला करून कूलर सुरू केला की त्यातली बुरशी थेट खाटेवर येते. उन्हाळ्यात रात्री दम वाढणाऱ्यांना मी पहिला प्रश्न कूलरचा विचारतो. ताटे नवे लावा, टाकीतलं पाणी बदलत राहा, आणि खाट कूलरच्या थेट समोर नको.

सोयाबीन निघतं तेव्हा तर आमच्या ओपीडीत रांग लागते. हडंब्यातून, म्हणजे मळणीयंत्रातून, उडणारं कुटार दमेकऱ्याला सोसत नाही. त्यातच दिवाळीची साफसफाई, चुन्याचा रंग, फटाके आणि सकाळचा गारवा, सगळं एकाच वेळी येतं. त्या दिवसांत हडंब्याजवळ जाणं टाळता आलं तर टाळा, नाहीतर तोंडाला ओला नव्हे, कोरडा, दुहेरी आणि घट्ट बसणारा रुमाल तरी बांधा. जिनिंगवर काम असेल तर कापसाच्या धुळीचंही तेच. आणि कापसाच्या पऱ्हाट्यांची चूल. घरी गॅस असतो, पण आंघोळीचं पाणी आणि भाकरी चुलीवरच होते. तीस-चाळीस वर्षं त्या धुरात बसलेल्या, बिडीला कधी हात न लावलेल्या बायांच्या श्वासनलिका बिडी ओढणाऱ्यांसारख्याच खराब झालेल्या असतात. त्याला आम्ही सीओपीडी म्हणतो. तुमच्या सासूबाईंना दमा आहे की सीओपीडी, हे फुंकून करायच्या स्पायरोमेट्री तपासणीने कळतं. सीओपीडीत आराम देणाऱ्या औषधाने दम्याइतका झटकन आराम पडत नाही. काकांना पडतो आणि यांना नाही, याचं हेही एक कारण असू शकतं. सेवाग्राम, सावंगी किंवा यवतमाळच्या वैद्यकीय महाविद्यालयात ही तपासणी होते. एकदा करून घ्याच.

आता सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य: "मशीनची सवय लागते." सवय लागत नाही, गरज वाढते, आणि गरज का वाढली हे कुणी विचारत नाही. आराम देणारी कॅप्सूल आवळलेली नळी काही तासांपुरती सैल करते. नळीची आतली सूज तिने कमी होत नाही. ती कमी करतं रोजचं औषध, जे बरं वाटलं की लोक आधी बंद करतात. दम्याच्या जागतिक मार्गदर्शनात 2019 पासून स्पष्टच म्हटलं आहे की मोठ्या माणसांनी आणि किशोरवयीन मुलांनी दम्याला नुसत्या आराम देणाऱ्या औषधावर राहू नये, सोबत सूज कमी करणारं हवंच. त्यातलाच हिशोब असा की 200 फवाऱ्यांचे तीन किंवा जास्त पंप वर्षात संपत असतील तर मोठ्या अटॅकचा धोका वाढलेला आहे, बारा किंवा जास्त संपत असतील तर जिवाचा. तुमच्याकडे मोजायला सोपं आहे. आराम देणाऱ्या तीस कॅप्सूलची बाटली कधी उघडली ती तारीख बाटलीवर लिहा. रोजचं औषध नीट चालू असूनही ही बाटली महिन्याच्या आत संपत असेल तर डॉक्टरांना तारखेसह दाखवा. रोजच्या औषधात स्टेरॉइड असतं, ते घेतल्यावर खळखळून चूळ भरायची, नाहीतर तोंडात पांढरे चट्टे येतात.

स्टेरॉइड म्हटलं की लोक दचकतात, आणि तीच माणसं दम्याच्या पुड्या बिनधास्त खातात. नाव-गाव नसलेल्या पुडीने "एका दिवसात दम बंद" झाला, चेहरा गोल झाला, अंग सुजलं, साखर वाढली, तर त्या पुडीत काय असावं हे सांगायला प्रयोगशाळा लागत नाही. साल्ब्युटामॉलच्या 4 मिलीग्रॅमच्या गोळीत 4000 मायक्रोग्रॅम औषध असतं, म्हणजे वीस कॅप्सूलइतकं, आणि ते सगळ्या अंगभर फिरतं. ओढायचं औषध कडक आणि गोळी सौम्य, हा समज नेमका उलटा आहे. कोजागिरीच्या रात्री खिरीतून औषध घ्यायला जायचं असेल तर जा, मी भांडत नाही. मशीन सोबत न्या आणि रोजचं औषध बंद करू नका, एवढंच माझं म्हणणं. त्या रात्रीची गारठलेली मोकळी हवा आणि जागरण, एवढ्यानेही दम उठतो.

सुईबद्दल थोडक्यात. सुईने आराम पडतो, नाकारत नाही. पण दर आठवड्याला सुई लागणं म्हणजे आजार हाताबाहेर चालला आहे.

प्रत्येक धाप दम्याचीच असते असंही नाही. आडवं झालं की गुदमरतं, पायावर सूज आहे, असं असेल तर हृदय तपासा. आधी टीबी होऊन गेला असेल तर फुप्फुसावरचे व्रण धाप लावतात, तिथे कॅप्सूल थोडीच कामाची. गुडघे दुखतात म्हणून घेतलेल्या दुखण्याच्या गोळ्यांनी काही दमेकऱ्यांना जोराचा अटॅक येतो, विशेषतः नाकात कोंब असलेल्यांना. काचबिंदूचे टिमोलॉलचे थेंब आणि रक्तदाबाच्या काही गोळ्याही श्वासनलिका आवळतात. डोळ्यात थेंब सुरू झाले आणि दम वाढला, हा संबंध घरच्यांच्या लक्षात येत नाही. सासूबाईंच्या सगळ्या गोळ्या आणि थेंब एका पिशवीत घालून डॉक्टरांसमोर ओता.

आणि फवारणी. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं दगावली, ते कुणी विसरलेलं नाही. फवारून आलेल्या माणसाला छातीत घरघर, तोंडातून लाळ, घाम, डोळ्यांची बाहुली टाचणीएवढी, असं दिसलं तर मशीन हातात देत बसू नका. तो दमा नाही, विष आहे. त्याला अॅट्रोपिन लागतं, तेही लगेच. कपडे उतरवा, अंग साबणाने धुवा, पण धुण्यासाठी गाडी थांबवू नका, आणि औषधाचा डबा दवाखान्यात सोबत न्या.

रात्री पुन्हा दम लागला तर काय करायचं, तेही लिहून ठेवा. सासूबाईंना बसवा, हात पुढे उशीवर किंवा टेबलावर टेकवा, लुगड्याची गाठ सैल करा, भोवतीची गर्दी हटवा. पंप-स्पेसर असेल तर एक फवारा, चार-सहा श्वास, मग दुसरा, असे चार फवारे द्या. डॉक्टरांनी आधी वेगळा आकडा दिला असेल तर तो पाळा. फक्त मशीन असेल तर एक कॅप्सूल वर सांगितलेल्या रीतीने, आणि ती खरंच आत गेली का हे मशीन उघडून बघा. जोरच लागत नाहीये असं दिसलं तर दुसरी-तिसरी-चौथी ओढण्यात वेळ घालवू नका. वीस मिनिटांत उतार नसेल, एक वाक्य पूर्ण बोलता येत नसेल, मानेचे स्नायू ताणले जात असतील, ओठ निळसर पडले असतील, माणूस गुंगीत जात असेल, तर 108 ला फोन लावा. गाडी यायला वेळ असेल तर गावातल्या जीपने रस्त्यापर्यंत निघा. पंप-स्पेसर असेल तर वाटेत पहिल्या तासात दर वीस मिनिटांनी चार ते दहा फवारे देता येतात. आधी वाजणारी शिट्टी अचानक थांबली आणि माणूस मात्र थकून गेला असेल तर बरं वाटतंय असं समजू नका. हवा जायचीच थांबत आली की शिट्टीही वाजत नाही.

उद्या दुपारी सासूबाईंना एक कॅप्सूल तुमच्यासमोर ओढायला लावा, मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढा आणि पुढच्या भेटीत डॉक्टरांना दाखवा. सोबत दोन्ही बाटल्या, मशीन, आणि त्या शेवटच्या सुईची चिठ्ठी असेल तर तीही.